ओझ्याचं गाणं



गाणं म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? शाळेचं गॅदरिंग, लग्नातला बँड, गणपतीपुढचा स्पीकर. म्हणजे नाचायचं, टाळ्या पिटायच्या आणि घसा बसेपर्यंत ओरडायचं. आजचं गाणं मात्र वेगळं आहे. ते ऐकून तुमचे पाय थिरकणार नाहीत. उलट वर्गातला सगळ्यात बडबड्या मुलगासुद्धा ते ऐकताना गप्प होतो. आणि गंमत म्हणजे गाणं संपलं की तोच म्हणतो, "बाई, पुन्हा एकदा लावा ना!"

आता सांगा, दुःखाचं गाणं पुन्हा का ऐकावंसं वाटतं? दुखरा गुडघा आपण मुद्दाम पुन्हा आपटून घेतो का? नाही. मग दुखरं गाणं का मागून घेतो? या प्रश्नाचं उत्तर शोधायला आज आपण पळसदेवाहून निघून अमेरिकेतल्या कापसाच्या रानापर्यंत जाऊन येऊ. घाबरू नका, जेवणाच्या सुट्टीच्या आत परत येऊ!

गाण्याचं नाव आहे 'कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे'. चित्रपट 'सामना', साल १९७४. कवी आरती प्रभू, संगीतकार भास्कर चंदावरकर, गायक रवींद्र साठे. तुमच्या आजोबांना नुसतं नाव सांगा. ते हातातला चहाचा कप खाली ठेवून एक उसासा टाकतील की नाही बघा.

आधी गोष्ट सांगते. एक गाव असतं. गावात साखर कारखाना असतो आणि कारखान्यावर, शाळेवर, सोसायटीवर, सगळ्यावर एकाच माणसाचा शब्द चालतो. त्याचं नाव हिंदुराव धोंडे पाटील. त्या गावात एक दिवस एक फाटका, थकलेला म्हातारा येतो. सगळे त्याला मास्तर म्हणतात. तरुणपणी तो स्वातंत्र्याच्या चळवळीत होता. आता त्याचं घर नाही, दार नाही, आणि दारूचं व्यसन लागलेलं. हिंदुराव त्याला आपल्या वाड्यावर ठेवून घेतो. पण मास्तरच्या कानावर एक नाव येतं, मारुती कांबळे. हा माणूस गावात होता आणि आता नाही. तो कुठं गेला, त्याचं काय झालं, एवढा एकच प्रश्न मास्तर विचारत राहतो. साधा प्रश्न. पण अख्खं गाव त्याचं उत्तर द्यायला घाबरतं. एका बाजूला पैसा, सत्ता, जीपगाड्या. दुसऱ्या बाजूला एक थकलेला माणूस आणि त्याचा प्रश्न. असा हा सामना!

मुलांनो, हा चित्रपट ज्यांनी केला ती माणसं कोण होती, हे ऐकलं तर तुम्हाला मजा वाटेल. दिग्दर्शक डॉ. जब्बार पटेल हे लहान मुलांचे डॉक्टर. त्यांचा दवाखाना होता आपल्या शेजारच्या दौंडला! हा त्यांचा पहिलाच चित्रपट. निर्माते रामदास फुटाणे हे जामखेडचे, चित्रकलेचे शिक्षक. (आम्हा शिक्षकांना कमी समजू नका बरं का!) मास्तर झाले होते डॉ. श्रीराम लागू, ते कान-नाक-घशाचे डॉक्टर. हिंदुराव झाले होते निळू फुले. त्यांनी पूर्वी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेलं. कवी आरती प्रभू म्हणजे चिंतामणी त्र्यंबक खानोलकर, तळकोकणातले. त्यांच्या घरची कुडाळला खानावळ होती. पटकथा विजय तेंडुलकरांची. दोन डॉक्टर, एक शिक्षक, एक माळी, एक खानावळवाला आणि एक लेखक! अशा माणसांनी केलेला हा मराठी चित्रपट १९७५ साली थेट जर्मनीतल्या बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात पोचला.

आता गाण्याकडे वळू. हे गाणं पडद्यावरचं कुणी ओठ हलवून म्हणत नाही. ते मागून येतं. जणू मास्तरच्या पायाखालची वाटच गातेय. रवींद्र साठ्यांचा आवाज कसा आहे? खोल विहिरीत वाकून हाक मारली की जसा घुमारा येतो ना, तसा. चाल सावकाश. थकलेला माणूस चालतो तशी, एक पाऊल टाकायचं, थांबायचं, मग दुसरं. कुठं तान नाही, हरकत नाही, गळ्याची करामत नाही. पहिली ओळ पुन्हा पुन्हा फिरून येते, आणि दर वेळी ती आधीपेक्षा जड वाटते.

तुम्ही पाचवी-सहावीत असाल तर तुमच्या लक्षात येईल की त्या पहिल्या ओळीत क्रियापदच नाही! कुणी ओझं ठेवलं? कधी ठेवलं? उतरवणार कोण? काहीच सांगितलेलं नाही. तो प्रश्न आहे म्हणावं तर उत्तर नाही, आणि तक्रार आहे म्हणावं तर ती कुणाविरुद्ध हे कळत नाही. कवीनं नुसतं बोट दाखवलंय. बघा म्हणतो, ओझं एकाचं आहे आणि खांदा दुसऱ्याचा आहे. व्याकरणाच्या पेपरात हे वाक्य अपूर्ण ठरेल. पण हिंदुरावाच्या गावात तरी कुणी पूर्ण वाक्य बोलत होतं का? मारुती कांबळेचं नाव निघालं की सगळे अर्ध्यावरच थांबत होते. म्हणून ती अपुरी ओळ त्या गावाला अगदी फिट्ट बसते.

पुढं त्या गाण्यात मुक्कामाला उतरणाऱ्या माणसांचा तंबू येतो. विझत जाणारे दिवे येतात. अंधारात गारठलेली झाडं येतात. आणि एवढ्या सगळ्या काळोखात, कुठून कोण जाणे, ताजे उमललेले गुलाबही येतात. ते का फुलले, हेही कवी सांगत नाही. त्यालाच त्याचं नवल वाटतंय.

आता अमेरिकेला जाऊ या. तिथं दक्षिणेकडं मिसिसिपी नावाची मोठी नदी आहे. तिच्या काठची काळी, सुपीक जमीन कापसाची. आफ्रिकेतून माणसं पकडून, जहाजात कोंबून नेली आणि त्यांच्याकडून गुलाम म्हणून शेतात राबवून घेतलं. १८६५ साली गुलामगिरी कायद्यानं बंद झाली. पण कायदा झाला म्हणून पोट भरत नाही. जमीन मालकाची, बियाणं मालकाचं, दुकानही मालकाचं. वर्षभर उधारीवर खायचं आणि सुगी झाली की हिशोब. हिशोबाची वही मालकाच्या हातात! मग काय, वर्षभर राबूनही शेवटी 'अजून एवढे देणे बाकी' असंच निघायचं. ती बाकी पुढच्या वर्षाच्या डोक्यावर.

ही माणसं शेतात काम करताना गात. एकानं ओळ म्हणायची, बाकीच्यांनी उचलायची. त्यातून पुढं एक गाणं तयार झालं, त्याचं नाव ब्लूज. ब्लू म्हणजे निळा, हे तुम्हाला पहिलीपासून ठाऊक आहे. आपल्याकडं निळा म्हटलं की आभाळ, कृष्ण, नाहीतर बाबासाहेबांचा झेंडा. इंग्रजी बोलणाऱ्यांकडं मात्र 'मन निळं झालं' म्हणजे मन उदास झालं. म्हणून हे उदास मनाचं गाणं.

डब्ल्यू. सी. हँडी नावाच्या एका संगीतकारानं आपल्या आत्मचरित्रात एक आठवण लिहिली आहे. १९०३ च्या सुमारास तो मिसिसिपी राज्यातल्या एका लहानशा स्टेशनावर गाडीची वाट बघत बसला होता. गाडी काही येईना. शेजारी फाटक्या कपड्यांतला एक माणूस गिटारच्या तारांवर चाकू घासत गात होता. एकच ओळ तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. हँडी पुढं स्वतः अशी गाणी लिहू लागला आणि १९१४ साली त्याचं 'सेंट लुईस ब्लूज' प्रसिद्ध झालं. १९२९ साली त्याच नावाचा एक छोटा चित्रपट निघाला. त्यात हे गाणं गायलं बेसी स्मिथ हिनं. तिचा तो एकुलता एक चित्रपट.

ब्लूजची बांधणी अगदी सोपी असते. एक ओळ म्हणायची. तीच पुन्हा म्हणायची. मग तिसरी ओळ, पहिलीला उत्तर देणारी. पहिली ओळ दोनदा का? एकदा दुसऱ्याला सांगायला आणि एकदा स्वतःला पटवायला, असं मला वाटतं. शिवाय दुसऱ्यांदा म्हणेपर्यंत तिसरी ओळ सुचायला वेळही मिळतो! आणखी एक खुबी आहे. ब्लूज गाणारा काही सूर किंचित खाली ओढतो. पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधे जी फट असते ना, त्या फटीतला सूर. पेटीवर तो वाजवता येत नाही. गळ्यातून किंवा तारेवरून घसरतच तिथं जावं लागतं. आपल्याकडं गवई मींड घेतो, त्याची ही भावकी.

"पण बाई, 'सामना'तलं गाणं ब्लूज आहे का?" नाही. त्याचा ताल वेगळा, भाषा वेगळी, माती वेगळी. पण एकच ओळ फिरून फिरून म्हणणं, कुणाला शिव्याशाप न देता ओझं दाखवणं आणि शेवटी रडत न बसणं, या तिन्ही गोष्टी दोन्हीकडं सारख्याच. दोघांची रास एक आहे म्हणा ना.

आणि आपल्या घरातलं ब्लूज कुठलं, ठाऊक आहे? जात्यावरची ओवी! पहाटे उठून दोघी जणी जात्याचा खुंटा धरायच्या. एकीनं ओळ म्हणायची, दुसरीनं तीच उचलायची, मग पुढची ओळ. माहेर, भाऊ, विठ्ठल, सासूचा जाच, मेलेलं लेकरू, सगळं त्या पिठात पडायचं. दिवसा जे बोलायची सोय नव्हती ते पहाटे जात्याला सांगायचं. पुण्याच्या हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून अशा ओव्या लिहून घेतल्या आणि त्यांच्या मदतीला बरेच लोक आले. महाराष्ट्रातल्या हजाराहून जास्त गावांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा झाल्या. विचार करा, ज्या बायांना कुणी कवी म्हटलं नाही, त्यांच्या एक लाख ओव्या!

आमच्या पळसदेवाच्या आज्यांकडं तर एक वेगळंच ओझं आहे. भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८० साली ते पूर्ण झालं आणि जुनं पळसदेव पाण्याखाली गेलं. घरं, वाटा, पार, रानं, सगळं. माणसं वर येऊन राहिली. पळसनाथाचं जुनं दगडी देऊळ मात्र तिथंच आहे. एखाद्या उन्हाळ्यात पाणी फारच खाली गेलं की ते उघडं पडतं आणि लोक लांबून लांबून बघायला येतात. पाहुणे फोटो काढतात. आज्या मात्र फोटो काढत नाहीत. त्या चिखलातून बोट दाखवत सांगतात, इथं आमचं घर होतं, इथं कणगी होती, हितनं पाण्याला जायचो. त्या धरणाच्या पाण्यावर पुष्कळ गावांची तहान भागली आणि ऊस उभा राहिला, हेही तेवढंच खरं. आता म्हणून बघा त्या गाण्याची पहिली ओळ.

ऊस म्हटल्यावर तोडणीवाले आलेच. दसरा-दिवाळीच्या सुमाराला बीड, अहिल्यानगरकडून टोळ्या येतात. रानात, कारखान्याच्या कडेला कोप्या उभ्या राहतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. त्यांना हंगामाआधी मुकादमाकडून उचल मिळालेली असते, म्हणजे आगाऊ पैसे. ते फिटेपर्यंत ऊस तोडायचा, आणि नाहीच फिटले तर बाकी पुढच्या हंगामावर. ओळखीचा वाटतो ना हा हिशोब? आत्ताच आपण मिसिसिपीच्या काठी तो पाहून आलो.

मी वर्गात हे गाणं लावलं आणि फळ्यावर दोन रकाने आखले. एका बाजूला ओझं, दुसऱ्या बाजूला खांदा. मुलं धडाधड सांगू लागली. "बाई, पोत्याचं ओझं, हमाल!" "गाडीचं ओझं, बैल!" "दप्तराचं ओझं, आम्ही!" (यावर सगळे हसले. मीही हसले.) एकजण म्हणाला, "बाप्पूंच्या कर्जाचं ओझं, बाप्पू." मग थोडा विचार करून म्हणाला, "आन् आईपण." मागच्या बाकावर तोडणीवाल्यांची एक मुलगी होती, काही महिन्यांसाठी आमच्या शाळेत आलेली. ती कधी बोलत नसे. तिच्या कडेवर बऱ्याचदा धाकटा भाऊ असायचा. ती म्हणाली, "बाई, मोळीचं ओझं, आई." मी फळ्यावर लिहिलं. ती पुढं म्हणाली, "मोळी जड नसती. ट्रकाच्या फळीवर चढताना खाली बघितलं की जड होती."

वर्ग गप्प झाला. तिच्याशी न बोलणारी मुलं मधल्या सुट्टीत तिच्याजवळ गेली. फळी किती रुंद असते, पाय घसरत नाही का, रात्री ट्रक आला तर काय करतात, असं विचारू लागली. ती हातवारे करून सांगत होती. धाकट्याला तेवढ्या वेळ दुसऱ्याच एका मुलीनं कडेवर घेतलं होतं.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर देते. दुखरं गाणं पुन्हा का ऐकावंसं वाटतं? गाण्यानं ओझं कमी होत नाही. मोळी तेवढ्याच किलोची राहते, उचल तेवढीच राहते, पाण्याखालचं घर वर येत नाही. पण ज्या ओझ्याचं कुणी नाव घेत नाही ते एकट्याचं असतं. गाण्यात आलं की ते दुसऱ्यालाही दिसतं. आणि दिसलं की कुणीतरी विचारतं, फळी किती रुंद असते गं? 'सामना'तला मास्तर तरी दुसरं काय करत होता? एका हरवलेल्या माणसाचं नाव घेत होता, एवढंच.

जाता जाता एक नवलाची गोष्ट. १९७७ साली अमेरिकेनं व्हॉयेजर नावाची दोन यानं अंतराळात सोडली. आज ती सूर्याच्या ग्रहमालेच्या पार पलीकडं गेली आहेत. प्रत्येकात एक सोन्याचा मुलामा दिलेली तबकडी आहे. कधी काळी कुणा परग्रहवासियाला ती सापडली तर त्याला कळावं की पृथ्वी नावाच्या जागी माणसं कशी गातात! त्या तबकडीवर ब्लाइंड विली जॉन्सन या अंध गायकाचं १९२७ सालचं एक ध्वनिमुद्रण आहे. त्याच्या नावाचा अर्थ साधारण असा, 'रात्र काळोखी होती, जमीन गार होती'. त्यात शब्दच नाहीत. नुसतं गुणगुणणं, कण्हणं आणि गिटारची तार. आणि त्याच तबकडीवर आपल्या गोव्यातल्या केरीच्या सूरश्री केसरबाई केरकर भैरवी गातायत! टेक्सासकडचं कण्हणं आणि गोव्याची भैरवी शेजारी शेजारी बसून ताऱ्यांकडं चालली आहेत. कोपीत गार जमिनीवर झोपणाऱ्या आमच्या पोरीला मी हे सांगितलं, तेव्हा तिनं एकच विचारलं, "बाई, त्यांना कळंल का?" तुम्हाला काय वाटतं?

आता या आठवड्याचा उद्योग.

एक : आजीला, पणजीला किंवा शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना जात्यावरची एक ओवी म्हणायला सांगा. त्या आधी 'मला मेलीला काय येतंय' म्हणतील. हटू नका. ओवी लिहून घ्या आणि खाली त्यांचं नाव, गाव लिहा. नाव लिहायला विसरू नका, ते सगळ्यात महत्त्वाचं.

दोन : वहीत दोन रकाने आखा, ओझं आणि खांदा. आपल्या घरापासून सुरुवात करा. पाणी कोण भरतं, दळण कोण आणतं, आजारी माणसाजवळ रात्री कोण जागतं. यादी झाली की त्यातलं एखादं ओझं आठवडाभर तुम्ही उचलून बघा.

आणि पालकांना एक विनंती. 'सामना' आधी तुम्ही पुन्हा पाहा. तो मोठ्यांचा चित्रपट आहे, तेव्हा आठवी-नववीच्या पुढच्या मुलांना शेजारी बसवून दाखवा आणि लहानांना नुसतं गाणं ऐकवा. मुलांनी मधेच 'मग त्या मारुती कांबळेचं पुढं काय झालं?' असं विचारलं, तर 'तुला काय करायचंय' म्हणू नका. चित्रपटातलं अख्खं गाव तेच म्हणत होतं.

ओव्या आणि याद्या आपल्या साप्ताहिकाच्या पत्त्यावर जरूर पाठवा. मी वाट बघतेय.

तुमच्या,
पळसदेवच्या बाई